पोच मोजली, परिणामाचे काय?

जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची वार्षिक परिषद भरली होती. सभागृहात बसलेले डॉक्टर व्याख्यानांतल्या स्लाइडचे फोटो काढून ट्विटरवर टाकत होते. थोड्याच वेळात संस्थेच्या खात्यावरून त्यांना एकेक करून उत्तरे येऊ लागली : छायाचित्रणाला परवानगी नाही, कृपया पोस्ट काढून टाका. कारण अगदीच गैर नव्हते. अप्रकाशित संशोधनावर संशोधकाचा हक्क असतो आणि निबंध छापून येण्याआधी त्यातले तक्ते जगजाहीर झाले तर अडचण होऊ शकते. पण ज्यांना हटकले तेही गप्प बसले नाहीत. मधुमेहाविषयीचे ताजे संशोधन मधुमेह असलेल्यांपासून दडवायचे कशासाठी, असा सवाल त्यांनी जाहीरपणे केला. संशोधनाइतकीच चर्चा बंदीची झाली. पुढच्या वर्षी संस्थेने नियम सैल केला.

वैद्यकीय परिषदा त्याआधी अनेक दशके बंद दाराआड चालत. नोंदणी शुल्क भरलेला, गळ्यात बिल्ला अडकवलेला डेलिगेट आत आणि बाकीचे जग बाहेर. आतले ज्ञान बाहेर यायला नियतकालिकांचा रस्ता होता आणि तो लांबचा होता. दुसरीकडे लोकांशी बोलण्याचे काम सरकारी भित्तिपत्रके, आकाशवाणी आणि वर्तमानपत्रातला आठवड्याचा आरोग्य-स्तंभ यांच्याकडे होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत समाजमाध्यमांनी या दोन्ही व्यवस्था हलवल्या. त्यातून नेमके काय हाती आले याचे पुरावे आता बऱ्यापैकी जमा झाले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले की मला एक गोष्ट सतत खटकते. ही माध्यमे बोलण्यासाठी वापरण्याचा आपल्याला जेवढा सोस आहे, तेवढा ऐकण्यासाठी वापरण्याचा नाही. त्यांनी केलेले खरे काम मात्र बहुतेक वेळा ऐकण्याच्या बाजूला सापडते.

आधी डॉक्टरांच्या आपसातल्या गोष्टी पाहू. ट्विटर २००६ साली सुरू झाले आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना या तंत्रज्ञाने विषय एकत्र बांधण्यासाठी हॅशचे चिन्ह वापरावे अशी सूचना केली. परिषदांना ही युक्ती फारच मानवली. एक ठरलेला हॅशटॅग दिला की वेगवेगळ्या सभागृहांत चाललेली व्याख्याने एका धाग्यात वाचता येत. २०१० पासून सिंप्लर या अमेरिकन कंपनीने आरोग्यविषयक हॅशटॅगांची नोंदवहीच ठेवायला सुरुवात केली. २०१२ च्या जूनमध्ये डब्लिनमधल्या एका पबमध्ये बसलेल्या माइक कॅडोगन या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञाच्या डोक्यातून 'फोम' हे नाव निघाले : सर्वांना मोफत, खुले वैद्यकीय शिक्षण. त्या हॅशटॅगखाली तातडीच्या उपचारांवरची टिपणे, व्हिडिओ, पॉडकास्ट यांचा मोठा साठा उभा राहिला. पुढच्याच वर्षी सिडनीत 'स्मॅक' ही परिषद भरली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची ही परिषद समाजमाध्यमांवरच्या ओळखींतून जन्मली होती आणि तिच्या नावातच समाजमाध्यम होते.

याचा फायदा कोणाला झाला हे सांगायला संशोधनाची गरज नाही. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या निवासी डॉक्टरला 'अ‍ॅपिकॉन'सारख्या राष्ट्रीय परिषदेला जायचे तर रजा, रेल्वेचे आरक्षण, हॉटेल आणि नोंदणी शुल्क यांचा मेळ बसवावा लागतो. वॉर्डात माणसे कमी असली की रजेपाशीच सगळे अडते. शिकागोच्या किंवा बार्सिलोनाच्या परिषदेचे तर नावच नको. अशा डॉक्टरला हृदयविकाराच्या नव्या चाचणीचा निष्कर्ष त्याच संध्याकाळी फोनवर वाचायला मिळणे, आणि त्यावर दोन नामवंतांचा वाद चाललेला दिसणे, ही मोठीच गोष्ट आहे. वाद दिसणे तर निष्कर्षाहूनही महत्त्वाचे. पाठ्यपुस्तकात शास्त्र ठाम असते. परिषदेच्या धाग्यात ते भांडताना दिसते.

गडबड सुरू झाली ती मोजण्यापासून. परिषद संपली की आयोजक आकडे जाहीर करतात : इतकी ट्वीट, इतके कोटी 'इम्प्रेशन'. पुष्कळदा हा आकडा येतो कसा ते पाहा. एखाद्याचे दहा हजार फॉलोअर असतील आणि त्याने परिषदेतून शंभर ट्वीट केली, तर हिशेबात दहा लाख इम्प्रेशन जमा होतात. त्यांतली किती प्रत्यक्ष कोणाच्या डोळ्यांपुढे आली, किती वाचली गेली, वाचून कोणी काही वेगळे केले का, याचा त्या आकड्याशी काडीचाही संबंध नसतो. तरी प्रायोजकांना दाखवायला तो फार कामाचा.

हा आकडा खरा मानायचा की नाही, याची परीक्षा घेण्याचे धाडस काही नियतकालिकांनी स्वतःच केले, हे त्यांचे कौतुक. 'सर्क्युलेशन' या हृदयरोगविषयक नियतकालिकाने २०१५ मध्ये एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. २४३ निबंधांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. निम्म्यांचा फेसबुक-ट्विटरवरून प्रचार केला आणि निम्म्यांचा केला नाही. तीस दिवसांनी पाहिले तर निबंध उघडून पाहिल्याच्या मध्यक संख्या होत्या ४०९ आणि ३९२. म्हणजे फरक नाहीच. नंतर 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी'ने निबंधाचा सारांश एका चित्रात मांडून पाहिला. मिशिगनचे शल्यविशारद अँड्र्यू इब्राहिम यांनी रूढ केलेला हा प्रकार म्हणजे 'व्हिज्युअल अ‍ॅबस्ट्रॅक्ट'. तो जोडलेली ट्वीट नुसत्या शीर्षकापेक्षा कितीतरी पटींनी अधिक फिरली, आणि निबंध उघडणारेही वाढले. मात्र ट्वीट आठपट फिरले तर निबंध तिप्पट उघडला, एवढेच. चित्र पाहून समाधान झाले की माणूस आत शिरत नाही.

पुढे छातीच्या शस्त्रक्रियेच्या दोन नियतकालिकांच्या निबंधांवर झालेल्या चाचणीत, ट्वीट केलेल्या निबंधांचे वर्षभरातले संदर्भही वाढलेले दिसले, तेव्हा ट्विटरभक्तांना हायसे वाटले. पण २०२४ मध्ये आणखी एक नियंत्रित प्रयोग 'प्लॉस वन'मध्ये आला. अकरा संशोधकांनी आपापल्या खात्यांवरून विविध नियतकालिकांतले निबंध ट्वीट केले, एकूण साडेपाचशे निबंधांचा तीन वर्षे माग ठेवला आणि संदर्भांमध्ये लक्षात येण्याजोगी वाढ त्यांना आढळली नाही. डाउनलोड थोडेफार वाढले. मला यातून निघणारा अर्थ असा दिसतो : चांगला निबंध आपले वाचक शोधतो, आणि ट्वीट त्याला गर्दी मिळवून देते. गर्दीचे वाचक होतीलच असे नाही.

शिवाय बोलतो कोण, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत औषध कंपन्यांनी कोणत्या डॉक्टरला किती पैसे दिले याची सार्वजनिक नोंद असते. तिचा आधार घेऊन २०१७ मध्ये ट्विटरवर सक्रिय असलेल्या ६३४ कर्करोग-रक्तविकारतज्ज्ञांची तपासणी झाली. जवळपास ८० टक्के जणांचे कंपन्यांशी आर्थिक संबंध निघाले. पैसे घेणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे मान्य. पण परिषदेच्या व्यासपीठावर पहिली स्लाइड हितसंबंध जाहीर करणारी असते, ट्वीटला तशी पहिली स्लाइड नसते. आपल्याकडे तर डॉक्टरनिहाय अशी सार्वजनिक नोंदच नाही. मार्च २०२४ मध्ये औषधविक्रीची नवी आचारसंहिता आली, तिने डॉक्टरांच्या परदेशवाऱ्यांवर आणि भेटवस्तूंवर बंधने घातली. रीलवर सहज उच्चारलेल्या ब्रँडच्या नावावर लक्ष कोण ठेवणार?

ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर इलॉन मस्क यांच्याकडे गेले. २०२३ मध्ये संशोधकांना मोफत मिळणारी माहिती बंद झाली आणि त्याच वर्षी जुलैत नावही बदलून एक्स झाले. काही डॉक्टर मॅस्टोडॉनकडे गेले, काही ब्लूस्कायकडे, पुष्कळ जण नुसतेच गप्प झाले. पंधरा वर्षे खपून बांधलेला व्यावसायिक शेजार कंपनीच्या एका व्यवहारात विस्कटला, कारण जागा भाड्याची होती आणि करार कोणीच वाचला नव्हता.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य डॉक्टरांना या स्थलांतराची झळ लागली नाही. ते ट्विटरवर फारसे नव्हतेच. त्यांची खरी परिषद व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज चालते. रात्री अकराला तालुक्याच्या दवाखान्यातून ईसीजीचा फोटो पडतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा हृदयरोगतज्ज्ञ दहा मिनिटांत सांगतो, 'गोळ्या द्या आणि लगेच पाठवा.' कोणत्याही 'सीएमई'त, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या वर्गात, बसून होणार नाही असे शिक्षण यातून होते. रुग्णाचा जीवही वाचतो. राज्याच्या वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० क्रेडिट तास भरावे लागतात. या रात्रीच्या शिकवणीचा त्यात एकही तास धरला जात नाही.

तिची दुसरी बाजू त्याच फोटोच्या वरच्या कोपऱ्यात असते. रुग्णाचे नाव, वय, कधी रुग्णालयाचा क्रमांकही. ग्रुपात अडीचशे माणसे. त्यांतले किती डॉक्टर, किती औषध कंपनीचे प्रतिनिधी आणि किती जणांचा फोन घरातल्या मुलांच्या हातात, हे अ‍ॅडमिनलाही ठाऊक नसते. फोटो आपोआप गॅलरीत उतरतो आणि तिथून कुठेही जातो. एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची केस, लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी हेसुद्धा 'ओपिनियन प्लीज' म्हणून ग्रुपांवर पडत असते. नाव झाकायला दहा सेकंद लागतात. तेवढी शिस्त वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षी शिकवायला हवी, शवविच्छेदनाच्या टेबलाशी कसे वागावे हे शिकवतात त्याच गांभीर्याने.

नियमांचे काय, तर त्यांची कथा मोठी मौजेची आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नवे नियम अधिसूचित केले. त्यांत समाजमाध्यमांवर पहिल्यांदाच सविस्तर मार्गदर्शन होते : लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, रुग्णांची छायाचित्रे किंवा स्कॅन टाकू नयेत, बऱ्या झालेल्या रुग्णांकडून प्रशस्तिपत्रे मागून ती फिरवू नयेत, कोणी रुग्ण जाहीर चर्चेत सल्ला मागू लागला तर त्याला टेलिमेडिसिनकडे किंवा प्रत्यक्ष भेटीकडे वळवावे. बहुतेक मजकूर समंजस होता. पण त्याच नियमावलीत जेनेरिक औषधे लिहिण्याची सक्ती होती आणि कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या परिषदांना जाण्यावर बंधन होते. त्यावर डॉक्टरांच्या संघटना उसळल्या, आणि २३ ऑगस्टला, तीन आठवड्यांत, सगळी नियमावलीच स्थगित झाली. समाजमाध्यमांवरची कलमेही तिच्यासोबत कपाटात गेली. त्यामुळे लागू राहिले ते २००२ सालचे नियम, म्हणजे फेसबुक जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधीचे. त्यांत रुग्णाची गोपनीयता आहे आणि जाहिरातबाजीला मनाई आहे. रील, लाइव्ह आणि ग्रुप त्यांच्या कल्पनेतही नाहीत. दुसरीकडे मार्च २०२० मधल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून सल्ला देणे रीतसर मान्य केले आहे. म्हणजे दार उघडे आहे, उंबरठ्याचे नियम मात्र जुन्या घराचे.

व्यावसायिक सभ्यतेच्या नावाखाली काय काय होऊ शकते हेही लक्षात ठेवायला हवे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेवरच्या एका अमेरिकन नियतकालिकात तरुण डॉक्टरांच्या खात्यांची तपासणी करणारा एक निबंध आला होता. बनावट खाती उघडून तपासलेल्या त्या पानांवर पोहण्याच्या कपड्यातला फोटो, हातातला मद्याचा पेला, वादग्रस्त राजकीय मत, असे सगळे 'संभाव्य अव्यावसायिक' ठरवले होते. जुलै २०२० मध्ये तो सर्वांच्या नजरेत आला तेव्हा जगभरच्या महिला डॉक्टरांनी समुद्रकिनाऱ्यावरचे आपले फोटो टाकून त्याची खिल्ली उडवली आणि नियतकालिकाला निबंध मागे घ्यावा लागला. २०१५ च्या 'आय लुक लाइक अ सर्जन' मोहिमेतही शल्यविशारद म्हणजे पुरुषच, या समजुतीला असाच धक्का बसला होता. या दोन्ही वेळा हॅशटॅगने जे केले ते कोणत्याही समितीच्या अहवालाला इतक्या लवकर जमले नसते. व्यवसायातल्या दबलेल्या आवाजांना एकमेकांचा पत्ता लागला.

आता लोकांशी बोलण्याकडे वळू. इथे पहिले गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचे. मे २०११ मध्ये तिने वादळ-भूकंपासाठी घरात काय तयारी ठेवावी हे सांगताना 'झाँबींचा हल्ला झाला तर' अशी थट्टेची कल्पना लढवली. खर्च अवघा ८७ डॉलर, आणि वाचकांची गर्दी एवढी की संस्थेचे संकेतस्थळच कोलमडले. जनसंपर्काच्या वर्गांत हे उदाहरण आजही शिकवतात. त्यानंतर, २०१५ मध्ये, दोन संशोधकांनी विनोदी आणि साधा असे दोन्ही मजकूर लोकांना वाचायला देऊन तुलना केली हे मात्र कमी जणांना माहीत असते. विनोदी मजकूर वाचलेल्यांचा प्रत्यक्ष तयारी करण्याचा इरादा उलट कमी निघाला. लोक हसले, त्यांनी पुढे पाठवले, आणि विषय तिथेच संपला. आपल्याकडची सरकारी खाती हल्ली सिनेमाच्या संवादांवर आरोग्य-संदेश बेततात, तेव्हा मला या निष्कर्षाची हमखास आठवण होते.

खोट्या माहितीचा वेग किती, याचे सर्वांत भक्कम मोजमाप २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आले. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागत होता. यंत्रमानवी खाती बाजूला काढली तरी हाच निकाल. दोष माणसांचाच, कारण खोटे नवलाचे असते. आरोग्यात या नवलाची किंमत मोजावी लागते. २०१४ मध्ये इबोलाच्या भीतीने नायजेरियात मिठाचे पाणी पिण्याचा सल्ला फिरला आणि माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या. २०२० मध्ये इराणमध्ये मद्याने करोना मरतो या समजुतीतून लोक मिथेनॉल प्यायले. त्या साथीतल्या अफवांचा ८७ देशांतला आणि २५ भाषांतला मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात या विषबाधेशी सुमारे ८०० मृत्यू जोडलेले आहेत.

अफवांना लगाम घालणारा एक जागतिक नियम महाराष्ट्राशी जोडलेला आहे, आणि ही आठवण दुखरी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपी अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. देशात त्या वर्षी अशा घटना एकामागून एक घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. करोनाच्या काळात काढ्यांचे आणि गरम वाफेचे सल्ले ज्या कुंपणाला अडले, ते उभे राहण्यामागे राईनपाडाही होता. कंपनीने बदललेली ही साधी यांत्रिक गोष्ट शेकडो जनजागृती-फलकांहून अधिक कामाची ठरली असावी, असे माझे मत आहे.

मग चांगला संदेश खरोखर वर्तन बदलतो का? बदलतो, थोडे, आणि सांगणारा कोण यावर बरेच अवलंबून. २०२० च्या मे महिन्यात पश्चिम बंगालमध्ये अडीच कोटी लोकांना मोबाइलवर एका लघुचित्रफितीचा दुवा गेला. तीत बोलत होते नोबेल-मानकरी अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी. जन्म मुंबईचा आणि आजोळ मराठी, पण बंगालला ते आपले. अडीच मिनिटांच्या त्या बोलण्यानंतर लक्षणे आरोग्य-कार्यकर्त्यांना कळवण्याचे प्रमाण दुप्पट झाले. ज्यांना संदेश मिळाला नव्हता अशा शेजाऱ्यांच्या वागण्यातही फरक दिसला. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत १३ राज्यांत डॉक्टर आणि परिचारिकांनी स्वतः फोनवर चित्रित केलेले छोटे संदेश फेसबुकवर दाखवले गेले : सणाला प्रवास टाळा. थँक्सगिव्हिंगच्या वेळी सुमारे १ कोटी १९ लाख आणि नाताळात सुमारे २ कोटी ३३ लाख वापरकर्त्यांपर्यंत ते गेले. जिथे मोहीम जोरात होती तिथे नंतरचे संसर्ग ३.५ टक्क्यांनी कमी झाले. साडेतीन टक्के ऐकून नाक मुरडू नये. साथीत तेवढ्याने खाटा रिकाम्या राहतात. पण 'कोट्यवधींपर्यंत पोचलो' या वाक्यामागे प्रत्यक्षात एवढे दडलेले असते, हेही समजून घ्यावे.

बिहारमधले दोन प्रयोग एकत्र वाचण्यासारखे आहेत. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी १,२२४ जणांना घरी जाऊन तासाभराचे प्रशिक्षण दिले : फॉरवर्ड कसा तपासावा, खोटा फोटो कसा ओळखावा. उपयोग झाला नाही. नंतर राज्य सरकारच्या मदतीने गावोगावच्या ग्रंथालयांत आठवी ते बारावीच्या १३,५०० हून अधिक मुलांसाठी काही महिने वर्ग घेतले, आणि विषय प्रामुख्याने आरोग्यविषयक खोट्या माहितीचा ठेवला. या वेळी फरक पडला, तो पुढचे काही महिने टिकला, आणि मुलांकडून पालकांपर्यंतही गेला. एका तासाची कार्यशाळा घेऊन अहवालात 'जनजागृती पूर्ण' लिहिणाऱ्या सर्व खात्यांनी हे दोन निबंध भिंतीवर लावावेत.

आता ऐकण्याबद्दल. एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट शिगेला होती. देशभर लोक ट्विटर-इन्स्टाग्रामवर ऑक्सिजन, खाट, रेमडेसिव्हिर मागत होते. अनोळखी तरुणतरुणी फोन लावून पाहत, उपलब्धता तपासत, जुनी माहिती खोडत होते. काही ठिकाणी अशा पोस्टवर कारवाईची भाषा सुरू झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिलला बजावले की मदत मागणाऱ्यांची मुस्कटदाबी खपवून घेतली जाणार नाही. मुंबईत महापालिकेने २४ विभागांत वॉर रूम आधीच उभ्या केल्या होत्या. खाटेचे वाटप विभागातल्या माणसांकडून होई, आणि ज्या शहरात खाट कुठे आहे हे सांगणारा कोणी फोनच्या पलीकडे होता, तिथे समाजमाध्यमावरच्या हाकेला काही अर्थ होता. जिथे नव्हता, तिथे ती हाक नुसतीच फिरत राहिली. राज्याचे मुख्यमंत्री त्या काळात फेसबुक लाइव्हवरून लोकांशी बोलत. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते त्याच वर्षीचे 'माझा डॉक्टर' या नावाचे ऑनलाइन संमेलन. राज्य कृती दलातले तज्ज्ञ गावोगावच्या कुटुंबडॉक्टरांशी बोलले आणि त्यांच्या शंकांना उत्तरे दिली. डॉक्टरांची परिषद आणि लोकांशी संवाद ही दोन कामे तिथे एका सांध्यावर आली, कारण घरातल्या माणसाचा विश्वास शेवटी त्या कुटुंबडॉक्टरवर असतो.

विश्वासाचा हा मुद्दा २०२२ च्या गोवरात पुन्हा दिसला. गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे मुलांना गोवर झाला तेव्हा दोष पटकन व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लसविरोधी फॉरवर्डवर टाकता आला असता. फॉरवर्ड होतेही. पण करोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण मागे पडले होते, रोजगारासाठी कुटुंबे जागा बदलत होती, आणि दुपारच्या वेळी लसीकरण केंद्रावर जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडत होती. पालिकेने मौलवींची मदत घेतली, आरोग्य-सेविका घरोघर फिरल्या. उलटसुलट फॉरवर्डला प्रतिफॉरवर्ड पाठवून ते झाले नसते.

शिवाय फोन कोणाच्या हातात आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता, आणि तीनपैकी एकीनेच कधी इंटरनेट वापरले होते. नंतर हे आकडे वाढले असतीलच. पण गरोदर बाईसाठी बनवलेली देखणी रील पाहणारा बहुधा तिचा दीर असतो. मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'आरमान' संस्थेने 'एममित्र' उपक्रमात साधा व्हॉइस कॉल निवडला तो याच हिशेबाने. बाईने सांगितलेल्या वेळेला, तिच्या भाषेत, गरोदरपणाच्या त्या आठवड्याला लागू असेल तेवढेच. दक्षिण आफ्रिकेने २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'मॉमकनेक्ट'ने एक पाऊल पुढे टाकले, बाईला उलट प्रश्न विचारायची सोय ठेवली आणि नंतर ती व्हॉट्सअ‍ॅपवरही आणली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू केलेली माहितीसेवा त्याच तंत्रावर उभी होती.

इन्स्टाग्राम-टिकटॉकवरच्या आरोग्य-सल्लागारांबद्दल थोडक्यात. २०२५ च्या सुरुवातीला ९८२ पोस्ट तपासल्या गेल्या. त्या सगळ्या संपूर्ण शरीराचे स्कॅन, हार्मोनच्या चाचण्या अशा लोकप्रिय तपासण्यांवरच्या होत्या. ८७ टक्क्यांत फायदे सांगितले होते, तोटे जेमतेम १५ टक्क्यांत, आणि ६८ टक्के पोस्ट करणाऱ्यांना त्यातून पैसे मिळणार होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ पासून ग्राहक व्यवहार विभागाने अशा प्रभावकांना पात्रता आणि हितसंबंध जाहीर करायला सांगितले आहे. आता बनावट व्हिडिओत खऱ्या डॉक्टरांचे चेहरेही वापरले जातात. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरच्या नावाजलेल्या डॉक्टरांच्या तोंडी भलत्याच औषधांची भलामण घातल्याचे २०२४ मध्ये उघड झाले.

ऐकण्याच्या बाजूनेही फसगत होतेच. गुगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूची साथ ओळखणारे 'फ्लू ट्रेंड्स' काढले. २०१३ च्या हंगामात त्याचा अंदाज सीडीसीच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक निघाला आणि २०१५ मध्ये ते बंद पडले. भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाने २००८ पासून प्रसारमाध्यमांवर नजर ठेवणारा कक्ष चालवला आहे. त्याचे काम साथीची चाहूल घेण्याचे. लोकांच्या मनात काय चालले आहे, हा त्याचा विषय नव्हे. फेसबुकवर कोणता मजकूर कुठे फिरतो हे दाखवणारे 'क्राउडटँगल' मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे कूटबद्ध असते, त्यात डोकावता येत नाही, आणि येऊही नये. तेव्हा पुढच्या साथीत घाटंजीत किंवा गोवंडीत लोक लसीविषयी काय विचारताहेत हे कळायला आशाताई आणि एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य-सेविका, यांच्याइतका जवळचा माणूस नाही. किती घरे, किती गरोदर माता, किती डोस, हे त्यांच्याकडून दरमहा लिहून घेतलेच जाते. त्याच कागदावर 'या महिन्यात लोकांनी काय विचारले' असा एक रकाना वाढवला, तर छपाईचा खर्च तेवढाच येईल.